भीती गेली तर कामही जाईल का?

ताळेबंद

मी सीए आहे. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये पार्टनर, वय ३९. फायनलला रँक होती आणि नातेवाईक अजूनही ओळख करून देताना ती सांगतात. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे 'काम झेपत नसेल' छापाचे प्रतिसाद वाचतील.

बाहेरून पाहिलं तर उत्तम चाललंय. क्लायंट सोडून जात नाहीत, नोटिसांना उत्तरं मुदतीत जातात, मुलीचा शाळेचा प्रोजेक्टही आदल्या रात्री तयार असतो. आतलं असं, की पहाटे तीनच्या सुमारास धडधडत जाग येते. मग मी मोबाइलवर पोर्टल उघडून आधीच भरलेलं रिटर्न खरंच भरलंय का ते बघते. पोचपावती फोल्डरमध्ये असते. तरी बघते. यूडीआयएन, म्हणजे सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक, जुळतोय का तेही बघते. रविवारी चारनंतर पोटात गोळा येतो. चांगली बातमी आली की पाच मिनिटं बरं वाटतं आणि लगेच 'पुढच्या खेपेला जमलं नाही तर' सुरू होतं.

गेल्या वर्षभरात त्यात भर पडली. काही वाटेनासंच झालंय. मोठं काम मिळालं, ऑफिसात पेढे वाटले, मीही हसले आणि केबिनमध्ये येऊन भिंतीकडे बघत बसले. आर्टिकल्सवर, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या मुलांवर, खेकसते. क्लायंटचा फोन वाजला की आधी चीड येते, नाव मग वाचते.

हे सगळं उघडकीला आलं दातांच्या डॉक्टरकडे. जबडा दुखतो म्हणून गेले, तर म्हणाल्या, झोपेत दात खाता, दाढा झिजल्यात. रात्री घालायला गार्ड दिला. मग फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. ते म्हणाले, एकदा समुपदेशकाला भेटा.

जायला लाज वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. आजवर जे काही केलं ते या धडधडीच्या जोरावर केलं. धडधडतं म्हणून तीनदा तपासते, तीनदा तपासते म्हणून बाकीच्यांच्या नजरेतून सुटलेलं सापडतं आणि ते सापडतं म्हणून लोक माझ्याकडे येतात. उद्या कुणी ही भीती काढून टाकली तर मागे काय उरेल? शांत, प्रसन्न आणि सुमार सीए?

कुणी यातून गेलंय का? उपचारांनंतर कामाची धार गेली का? खरं सांगा, धीर देऊ नका.

बंड्या_बडबडे

ताई, धागा टाकल्याची वेळ पहाटे ३:१४ दिसतेय. पोर्टल बघून झाल्यावरच टाकलात ना?

बाकी सीएनं क्लायंटवर दात खाणं ही जुनी परंपरा आहे. तुम्ही ते झोपेत उरकता, म्हणजे सज्जन आहात.

निवृत्त_हेडमास्तर

पहाटे जाग येते हे वरदान समजावे. त्या वेळी मोबाइल हाती न घेता फिरायला जावे, परतल्यावर दहा मिनिटे अनुलोम-विलोम. आमच्या काळी एका वर्गात साठ-सत्तर मुले, निवडणुकीचे काम, जनगणना, शिवाय घरी पाहुण्यांचा राबता. कुणाला बर्नआउट, म्हणजे कामाने पार गळून जाणे, झाल्याचे ऐकिवात नाही. अति विचार हेच मूळ. राग नसावा.

सातारी_तडका

मास्तर, राग नाय. पण आमचे वडील तुमच्याच काळातले, साखर कारखान्यात केमिस्ट. हंगाम सुरू झाला की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाय. रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, जरा खाली आली की रात्री उठून कारखान्यावर. ताट पुढ्यात आलं की दोन घास खाऊन उठायचे. घरात सगळे म्हणायचे, यांना पित्त आहे. पन्नाशीत ॲटॅक आला. डॉक्टरनी विचारलं, काही ताणतणाव? आख्खं घर एका सुरात म्हणालं, छे छे, पित्त होतं.

तुमच्या शाळेतल्या कुणाला पित्त नव्हतं का?

निवृत्त_हेडमास्तर

होते. बऱ्याच जणांना होते.

चौथा_मजला

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझे मिस्टर ताळेबंद यांच्यासारखेच. मोठ्या हुद्द्यावर, कंपनीत सगळे नाव काढतात. 'सर कधी चिडत नाहीत' असं त्यांच्या हाताखालच्या मुलीनं मला लग्नसमारंभात सांगितलं, तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. दिवसभर न चिडायला जी ताकद लागते ती सगळी तिथेच संपते. घरी येतो तो फक्त थकवा. लिफ्टचा आवाज आला की मुलगा टीव्हीचा आवाज कमी करतो. आम्ही दोघं त्यांच्या बूट काढण्यावरून संध्याकाळचा अंदाज घेतो.

उपचार घेतले तर काम जाईल का, हा तुमचा प्रश्न मला कळतो. पण त्या हिशोबात घरच्यांची बाजू कुठेच लागत नाही. तुमची मुलगी काय कमी करते ते एकदा बघा.

ताळेबंद

चौथा_मजला, हे वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. ती दार हळू लावते. मला वाटायचं समजूतदार आहे.

खडूस

वर्षाला एक कोटी, दोन गाड्या, फ्लॅट आणि दुःख कसलं तर यशाचा आनंद होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी काय भोगतोय ते बघा, मग कळेल टेन्शन कशाला म्हणतात. हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत.

ताळेबंद

एक कोटी? कुठल्या फर्ममध्ये देतात? आजच बायोडेटा पाठवते.

मांजराकाठचा

खडूसभाऊ, शेतकऱ्याचं नाव घेऊन दुसऱ्याचं दुखणं खोडायची सवय सोडा. माझं लातूर जिल्ह्यात सोयाबीन आहे. भावकीत काय काय झालंय ते मला माहीत आहे, ते इथं लिहिणार नाही. आमचं दुखणं मोठं म्हणून पुण्यातल्या बाईनं डॉक्टरकडं जायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि ज्यांना खाजगी डॉक्टर परवडत नाही त्यांनी १४४१६ लावा. टेली-मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलंय. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. मी स्वतः लावलाय. पलीकडच्या माणसानं मला सातबारा विचारला नाही आणि पगारही विचारला नाही.

बंड्या_बडबडे

मांजराकाठचे, +१००.

आयसीयूवाला

एमडी करतोय, दुसरं वर्ष. माझा मूळ मुद्द्यालाच आक्षेप आहे. 'तुमच्यातली भीती', 'तुमचा स्वभाव' अशी चर्चा सुरू झाली की कामाचे तास कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउट आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत घातला तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी उपजणारी अवस्था म्हणून. कामावरचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की तीन गोष्टी दिसतात: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपण कुचकामी आहोत असं वाटणं. ताईंच्या पोस्टमध्ये पहिल्या दोन तर स्पष्टच आहेत.

आमच्याकडे १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं शिफारस केली की ७४ तासांच्या वर जाऊ नये. म्हणजे बत्तीस वर्षांत सुधारणा होऊन आकडा वर गेला. आणि सलग छत्तीस तास ड्युटी करून बाहेर पडलं की नोटीस बोर्डावर 'माइंडफुलनेस कार्यशाळा, उपस्थिती अनिवार्य'. ती पण पोस्ट-ड्युटीच्या दिवशी.

बंड्या_बडबडे

७४ तास म्हणजे आराम की हो. जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांनी ९० तासांचा आग्रह धरला होता. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असं विचारलं होतं. आमच्या हिनं तेव्हा मला विचारलं, तू कधी बघतोस?

देशस्थ_इन_डेल्फ्ट

आयसीयूवाल्याला दुजोरा, पण नेदरलँड्समधून थोडी वेगळी बातमी. मूळचा नागपूरचा, इथे चिप बनवणाऱ्या मशीनच्या धंद्यात इंजिनिअर. मागल्या वर्षी सकाळी गाडीत बसलो आणि किल्लीच फिरवेना. हात चालत होता, मीच चालत नव्हतो. बायकोनं वरून खिडकीतून पाहिलं, खाली आली, म्हणाली, उतर बाप्पा.

इथे आजारपणात मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो आणि बर्नआउटही त्यात धरतात. कंपनी-डॉक्टर असतो. निदान काय ते तो मालकाला सांगू शकत नाही, फक्त हा माणूस सध्या काय करू शकतो आणि काय नाही एवढंच कळवतो. सहा आठवड्यांत त्याचा अहवाल, आठव्या आठवड्यापर्यंत परत येण्याचा लेखी आराखडा. सगळं कागदावर. सुरुवातीला रोज दोन तास, तेही मीटिंगशिवाय.

ऐकायला स्वर्ग वाटतो ना? घरी बसून पगार घेताना मला जी टोचणी लागली ती ऑफिसात कधी लागली नव्हती. दुपारी दोनला किराणा आणायला जायची चोरी. ओळखीचं कुणी दिसलं तर? नागपूरला आईबाबांना तीन महिने 'वर्क फ्रॉम होम' सांगितलं. सांगायचं हे, की तास कमी झाले, पगार चालू राहिला, कायदा पाठीशी होता, तरी आतला मुकादम रजेवर गेला नाही. त्याच्यासाठी वेगळं काम करावंच लागलं. आयसीयूवाले भाऊ, तुमची लढाई खरीच आहे, पण ती जिंकली तरी ही दुसरी उरते.

अवांतर: इथले लोक दुपारी जेवणाला ब्रेड आणि चीज खातात, रोज. माझ्या बर्नआउटमध्ये त्याचाही वाटा असावा.

आयसीयूवाला

मान्य, पण आधी पहिली जिंकू द्या.

साधी_गोळी

मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. इथे निदान करणार नाही, पण धाग्यात काही गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात, त्या सोडवते.

आधी साधं काम. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२. धडधड, थकवा, चिडचिड या तिन्हींमागे कधीकधी यांपैकी एक निघतं. ईसीजी झालाय ते चांगलं.

दुसरं, चिंता आणि बर्नआउट शेजारी राहतात, पण एक नाहीत. पहाटे पोर्टल उघडणं ही चिंता. पेढे खाताना काहीच न वाटणं, फोनची चीड, आर्टिकल्सवर खेकसणं हे थकून गेलेल्या माणसाचं. पण काहीच न वाटणं कामापुरतं न राहता मुलीबरोबर, मैत्रिणींबरोबर, आवडत्या गाण्याबरोबरही होत असेल, तर नैराश्य आहे का ते तपासावं लागतं. ते दोन आठवड्यांच्या सुट्टीनं जात नाही. ही चाचपणी समोर बसूनच होते.

आता गोळ्यांबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. चिंतेवर रोज घ्यायच्या ज्या गोळ्या पहिल्यांदा दिल्या जातात, एसएसआरआय गटातल्या, त्यांची सवय लागत नाही. फक्त त्या सांगितल्याशिवाय एकदम बंद करायच्या नसतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. बरेच जण तिथेच सोडतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्यांची. 'झोपेची अर्धी गोळी' म्हणून शेजारच्या काकू देतात ती बहुधा हीच. ती काकूंना परत करा.

आणि ताळेबंद, तुमचा मूळ प्रश्न. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केला होता. उंदरांनी दोन पेट्यांतली योग्य पेटी ओळखायची, चुकले की विजेचा झटका. फरक ओळखायला सोपा असताना झटका जितका जोराचा तितके ते लवकर शिकले. फरक अवघड केल्यावर मात्र मध्यम झटक्यावर सगळ्यात चांगले शिकले, जोराच्या झटक्यानं मागे पडले. उंदीर सीए नसतात हे मला ठाऊक आहे. पण माझ्यासमोर बसणाऱ्या हुशार माणसांत हेच दिसतं. विशीत परीक्षा असते, पोर्शन ठरलेला असतो, भीतीच्या जोरावर पंधरा-पंधरा तास बसता येतं. चाळिशीत काम बदललेलं असतं. आता कुठल्या क्लायंटला नाही म्हणायचं, कुठल्या ताळेबंदावर सही करायची नाही, कुणाला कोणतं काम सोपवायचं, असले निर्णय असतात. तिथे घाबरलेलं डोकं कामाचं नाही. ते सगळ्याच गोष्टी सारख्याच धोकादायक समजतं.

तुम्ही तीनदा तपासता. त्यातली दुसरी खेप कदाचित उपयोगाची असेल. पहाटे तीनची कधी उपयोगी पडली आहे का? तुम्ही आकड्यांचा माणूस आहात, नोंद ठेवून बघा.

निवृत्त_हेडमास्तर

डॉक्टरीणबाई, औषधाखेरीज काय करतात? नुसते बोलून भीती कशी जाते?

साधी_गोळी

मास्तर, चांगलं विचारलंत. एक उदाहरण देते, कारण ते आपल्या मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धत मांडली. महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी. त्यातली मुख्य गोष्ट अशी: 'माझं काम उत्तम व्हावं' ही इच्छा आहे आणि 'माझं काम उत्तम झालंच पाहिजे, नाहीतर मी कुणीच नाही' हा हट्ट आहे. पद्धत इच्छेला हात लावत नाही. हट्टाची उलटतपासणी घेते. कुठल्या नियमानुसार 'झालंच पाहिजे'? नाही झालं तर नेमकं काय होईल? ते वाईट असेल की असह्य? पुढचा भाग गृहपाठाचा. एखादं काम मुद्दाम एकदाच तपासून पाठवायचं आणि त्या रात्री काय होतं ते लिहायचं. तुम्हाला गृहपाठ आवडेल.

निवृत्त_हेडमास्तर

गृहपाठ आवडला. अनुलोम-विलोम मात्र मी सोडणार नाही.

साधी_गोळी

सोडू नका. झोपेला चांगलं आहे.

अकरावा_गडी

हुशार लोकांचं विचारताय तर क्रिकेट आलंच. ऑगस्ट २०२२ मध्ये कोहली म्हणाला होता की महिनाभर बॅटला हात लावला नाही, दहा वर्षांत पहिल्यांदा. मैदानावर जोश आहे असं स्वतःलाच पटवत होतो, हेही म्हणाला. परत आला आणि ८ सप्टेंबरला शतक, नोव्हेंबर २०१९ नंतरचं पहिलं. धार गेली का? गेली नाही. प्रश्न मिटला.

खडूस

अफगाणिस्तानविरुद्ध.

अकरावा_गडी

मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८२ त्याच ऑक्टोबरातले, तेही विसरलात?

खडूस

ती खेळी मानतो. तेवढंच मानतो.

देशस्थ_इन_डेल्फ्ट

कोहलीला महिनाभर घरी बसणं परवडतं. आणि शतक झालं म्हणून विश्रांती योग्य ठरली, असं म्हटलं तर शतक झालं नसतं तर ती अयोग्य ठरली असती का? हाच तर विचार आपल्याला इथवर घेऊन आला.

मला नेमबाज अभिनव बिंद्रा जास्त जवळचा वाटतो. २००८ ला बीजिंगला सुवर्ण मिळालं, भारताचं वैयक्तिक पहिलं. आणि त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो नंतर उघडपणे बोलला. हरल्यावर वाईट वाटतं ते घरच्यांना समजतं. जिंकल्यावर वाईट वाटलं तर सांगायचं कुणाला?

तिसरी_घंटा

हौशी आणि व्यावसायिक दोन्ही रंगभूमीवर बराच काळ काम केलंय. धागा वाचताना एक सांगावंसं वाटलं.

आमच्याकडे भीतीला मान आहे. तिसऱ्या घंटेआधी विंगेत हात गार पडले नाहीत तर जुने नट म्हणायचे, आज प्रयोग पडणार. मीही तसंच मानत आले. पण ती भीती पहिल्या वाक्याबरोबर जाते. रंगमंचावर पाऊल टाकलं की समोरचा नट, प्रकाश, प्रेक्षकांतला खोकला, सगळं एकदम जवळ येतं. मध्ये काही वर्षं माझी भीती जायची थांबली. पहिलं वाक्य गेलं, पहिला अंक गेला, पडदा पडला, लोक मेकअप रूममध्ये येऊन 'वा' म्हणून गेले, बसमध्ये बसलो, तरी छातीत तेच. आणि मग प्रयोगाच्या आदल्या दिवसापासून. मग नाटक नसतानाही.

त्या काळात माझं काम वाईट झालं नाही. समीक्षेत 'सफाईदार' आलं. पण समोरच्या नटानं वाक्य बदललं तर मला ऐकूच यायचं नाही. मी माझं पाठ केलेलं म्हणून टाकायचे. सफाई होती, ऐकणं संपलं होतं. आता भीती परत घंटेपुरती आहे. हात अजून गार पडतात.

ताळेबंद

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, नोंद ठेवायला सुरुवात केलीय. अजून पहाटेच्या तपासणीत काहीही सापडलेलं नाही, पण सप्टेंबर यायचाय, असं माझं डोकं म्हणतंय.

एका बाबतीत मात्र अजून पटलेलं नाही. तुम्ही म्हणता, परीक्षेत भीती चालून गेली, आता चालत नाही. मग ती रँक कुणाची? भीतीचीच ना? ती नसती तर मी इथे असते का? बाहेरचे सगळे 'हुशार मुलगी' म्हणतात आणि मला आतून पक्कं माहीत आहे की मी हुशार नाही, फक्त घाबरट आहे आणि एक दिवस हे सगळ्यांना कळणार.

साधी_गोळी

'एक दिवस सगळ्यांना कळणार' हे वाक्य माझ्या खोलीत मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मीच पूर्ण करते. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या दोघींनी १९७८ मध्ये याच अनुभवावर लिहिलं, कर्तबगार बायकांशी बोलूनच. यश मिळत गेलं तरी ही समजूत पुसली जात नाही, कारण प्रत्येक यशाचं श्रेय भीतीला, नशिबाला किंवा परीक्षकाच्या चांगुलपणाला दिलं जातं. तुमच्या वह्यांत जमेची नोंद भलत्याच खात्यावर पडतेय.

आणि तुमच्या बॅचमध्ये तुमच्याइतकीच घाबरलेली कितीतरी मुलं असतील. त्या सगळ्यांना रँक आली का?

बंड्या_बडबडे

मी भयंकर घाबरायचो. इंटरला चार वेळा. डॉक्टरांचा मुद्दा सिद्ध.

पुन्हा_एकदा

बरेच दिवस नुसता वाचक आहे. ताईंनी 'खरं सांगा' म्हटलंय आणि ज्यानं उपचार पूर्ण केले असा कुणी नेमकं उत्तर देत नाहीये, म्हणून लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, ठाण्याचा, आता बेंगळुरूला. औषध आणि बोलणं दोन्ही घेतलं.

काय गेलं ते आधी. पहिले काही महिने मी खरंच हळू झालो. रात्री अकराला आलेल्या मेलला सकाळी उत्तर द्यायला लागलो आणि दोघा-तिघांनी 'सगळं ठीक ना' विचारलं. औषधाच्या सुरुवातीला जांभया आणि मळमळ. वार्षिक मूल्यमापनात कायम सगळ्यात वरचा शेरा असायचा, त्या वर्षी एक पायरी खाली आला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्याला माझ्या रात्री अकराच्या उत्तरांची सवय होती. आणि एक बढती मी मागितलीच नाही. पूर्वी मागितली असती. ती हाव गेली ती चिंतेबरोबर गेली, वयानं गेली की शहाणपणानं, हे मला आजही सांगता येत नाही. कधीकधी त्या धावणाऱ्या माणसाची आठवण येते. तो फार काम करायचा.

काय राहिलं ते. कोड बघताना चुका दिसतात त्या तशाच दिसतात. ती नजर भीतीची नव्हती, इतकी वर्षं तेच काम केल्याची होती. नवीन गोष्ट शिकायची ओढ राहिली, उलट वाढली. आधी मी फक्त पुढे नडू शकेल तेवढंच शिकायचो.

एक गोष्ट अपेक्षित नव्हती. टीममधली मुलं गडबड झाली की लगेच येऊन सांगायला लागली. आधी लपवायची, मग ते प्रकरण मध्यरात्री फुटायचं, मग मी हिरो बनून ते निस्तरायचो आणि माझ्या मनात पक्कं व्हायचं की मी जागा नसतो तर काय झालं असतं. ती मध्यरात्रीची आग निम्मी माझ्याच चेहऱ्यामुळे लागत होती. ताई, तुमचे आर्टिकल्स तुमच्यापासून काय लपवतात ते शोधा. तिथे तुमच्या धारेचा बराच खर्च होत असेल.

तर धार गेली का? कामाची नाही गेली. धावण्याचा वेग गेला आणि मी तो परत मागितलेला नाही.

चौथा_मजला

पुन्हा_एकदा, हे मिस्टरांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं. 'हं' म्हणाले. आमच्याकडे 'हं' म्हणजे बरंच असतं.

ताळेबंद

पुन्हा_एकदा, धीर न देता लिहिल्याबद्दल खास आभार. आर्टिकल्सबद्दल तुम्ही म्हणताय ते ऑफिसात थेट विचारलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग एक म्हणाला, मॅडम, तुम्हाला सांगायच्या आधी आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरवतो की आज सांगायचं की उद्या. टॅक्स ऑडिटच्या फॉर्म ३सीडीतली एक विसंगती त्यांनी आठवडाभर अशीच दाबून ठेवली होती. दहा मिनिटांत दुरुस्त झाली.

समुपदेशकांची वेळ घ्यायचं नक्की केलंय. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

सातारी_तडका

ताई, हे म्हणजे हंगाम संपला की दवाखान्यात जाऊ. आमच्या वडिलांचं वाक्य आहे हे.

आयसीयूवाला

आणि ऑक्टोबरात ऑडिटवाल्यांची रिटर्नं, डिसेंबरात उशिराची, मार्चला वर्ष संपणार. सीएचं कॅलेंडर मला माहीत आहे, बहीण सीए आहे.

साधी_गोळी

या आठवड्यात जा. चाळीस-पन्नास मिनिटांचं काम आहे, तेवढ्यात मुदत चुकत नाही.

ताळेबंद

बरं. मंगळवारी साडेसहाची घेतली. पार्टनरला 'डेंटिस्ट' सांगितलंय, एवढी सूट द्या.

एक व्यावहारिक प्रश्न: याचा खर्च आरोग्य विम्यात बसतो का? आणि कुठे नोंद राहते का?

साधी_गोळी

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीनं संरक्षण देणं बंधनकारक केलंय. पण ते बहुतेक वेळा भरती झाल्यावर लागू होतं. बाहेरून येऊन-जाऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च पॉलिसीत ओपीडी असेल तरच मिळतो, तेव्हा तो रकाना वाचा. गोपनीयतेचा हक्क त्याच कायद्यात आहे. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर पार्टनरला किंवा नवऱ्यालाही सांगू शकत नाही. कायद्यात मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका असेल तर.

अकरावा_गडी

मेलबर्नची ती खेळी कुणी परत बघितली का? एकोणिसाव्या षटकातला रऊफला मागच्या पावलावरून मारलेला सिक्सर.

खडूस

बघितला. दोनदा.

नवा_भिडू

पहिल्यांदाच लिहितोय. मलाही डॉक्टरांनी अशीच रोजची गोळी सुरू केलीय, चौथा दिवस आहे, हात किंचित थरथरतात. दिवसाला पाच-सहा कॉफी होतात. गोळी बंद करू का?

साधी_गोळी

गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना आजच फोन करून थरथर सांगा. कॉफी मात्र दोन कपांवर आणा, दुपारनंतर नको. पाच-सहा कपांनी गोळी नसतानाही हात थरथरतात.

नवा_भिडू

कॉफीऐवजी चहा चालेल?

साधी_गोळी

किती कप?